पहिला ताप कुणाला आला

नऊ वर्षांनी शर्वरी हिंगमिऱ्यांच्या दारात उभी राहिली तेव्हा तिच्या हातात रक्ताचे नमुने घ्यायची पेटी होती. दार तिच्या थोरल्या जावेने, निर्मलाने उघडलं. तिने आधी पेटीकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे, आणि पदर सावरत ती बाजूला झाली. ‘ये’ म्हणाली नाही.

“नगरपालिकेच्या यादीत तुमचं घर आहे,” शर्वरी म्हणाली. “नमुने दिले की घरातल्या म्हाताऱ्या माणसांना नवी लस आधी मिळेल.”

हे खरंच होतं. कोकणात निळा ताप पुन्हा दिसू लागला होता, घाट चढून विट्यापर्यंत यायला त्याला फार दिवस लागले नसते. पण यादीत हिंगमिऱ्यांचं घर घातलं होतं ते शर्वरीने, स्वतःच्या हाताने.

घरात सहा माणसं होती. सासूबाई, म्हणजे आक्का, ओसरीवरच्या खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी तोंड भिंतीकडे वळवून हात पुढे केला. निर्मलाने दिला, तिच्या दोन तरुण मुलांनी दिला. थोरला दीर धनाजी, ‘हिंगमिरे मंडप डेकोरेटर्स’चा मालक, तेवढा अडला.

“कशाला पायजे जुनं उकरून?”

“आक्कांच्या लशीसाठी, भाऊजी.”

आईचं नाव निघालं तशी त्याने बाही वर केली.

शेवटची ईश्वरी. शर्वरीची मुलगी. चौदा वर्षांची झाली होती. आईने दंडाला पट्टी बांधली, सुई टोचली, कापूस दाबून धरला, आणि एवढ्या वेळात मुलीने एकदाही वर पाहिलं नाही.

पेटी मिटून ती बाहेर पडली. गाडीत बसल्यावर मोठ्याने म्हणाली, “आता बघू.”

*

निळा ताप पहिल्यांदा आला तेव्हा या घरात नऊ माणसं एका चुलीवर जेवत होती. सासरे आप्पा आणि आक्का, धनाजी-निर्मला आणि त्यांची दोन मुलं, धाकटा मुलगा निरंजन, त्याची बायको शर्वरी आणि पाच वर्षांची ईशू. या तापात श्वास लागायचा आणि ओठ निळे पडायचे, त्यावरून लोकांनी त्याला नाव दिलं होतं.

शर्वरी तेव्हा दवाखान्यात लॅब टेक्निशियन होती. घरातून बाहेर जाणारी ती एकटीच, असं सगळे धरून चालले होते. म्हणून पहिल्या आठवड्यातच ती गच्चीवरच्या टाकीशेजारच्या खोलीत राहायला गेली. निरंजन जिन्यावर ताट ठेवून जाई आणि ती ते उचलून घेई. ईशू खाली आजोबांच्या खोलीत झोपू लागली. लेकीला जवळ न घेता तिने पस्तीस दिवस काढले.

तरी ताप आला. आधी आप्पांना, मग निरंजनला, आक्कांना आणि बाकीच्यांना. निरंजनला धाप लागली तेव्हा शर्वरी गच्चीवरून उतरली आणि त्याच्या उशाशी बसली. आप्पा मंगळवारी गेले, निरंजन शुक्रवारी. त्यानंतर तिला स्वतःलाच ताप भरला.

ती उठून बसू लागली त्या दिवशी आक्कांनी तिला ओसरीवर बोलावलं.

“दवाखान्यातनं तूच आणलास. माझा नवरा खाल्लास, लेक खाल्लास. नात तेवढी ऱ्हायलीय, ती तुला द्यायची न्हाई.”

शर्वरी भांडली. पण उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येत होती आणि गल्लीतली माणसं खिडक्यांतून बघत होती. तिची कपड्यांची पेटी धनाजीने स्वतः उचलून रस्त्यावर ठेवली. पुढे तिने मिरजेला एक खोली घेतली. तिचं आजारपण आणि दवाखान्याची नोकरी बघून कोर्टाने मुलगी आजीकडेच ठेवली, आईला महिन्याला एक भेट दिली. सुरुवातीला ईशू यायची, रडायची, परत जायची. बाराव्या वर्षानंतर तिने यायचंच बंद केलं. फोनही उचलेना. घरच्यांनी तिच्या मनात काय भरवलं असेल ते शर्वरीला न सांगता समजत होतं.

तिने पुढचं शिक्षण घेतलं, मिरजेच्या एका संशोधन प्रयोगशाळेत नोकरी धरली. लोक म्हणायचे, बाई दुःखातून सावरली. ती सावरली नव्हती. ती एका यंत्राची वाट बघत होती.

*

त्या यंत्राचं नाव ‘मागोवा’.

आपल्याला एखादा संसर्गाचा ताप येऊन गेला, की शरीर त्याची ओळख विसरत नाही. रक्तात आणि हाडांच्या मज्जेत काही पेशी ती ओळख वर्षानुवर्षं जपून ठेवतात, तो विषाणू पुन्हा आला तर पटकन ओळखता यावा म्हणून. मागोवा या स्मृतिपेशी वाचत असे. नऊ वर्षांपूर्वी तुमच्या नाकातून आत गेलेला विषाणू नेमका कसा होता, हे एका चमचाभर रक्तावरून कळत असे.

त्यात एक गोष्ट कामाची होती. विषाणू एका माणसातून दुसऱ्यात जाताना अधूनमधून किंचित बदलतो. लोणच्याची कृती एकीच्या वहीतून दुसरीने उतरवून घेताना दोन चमचे मोहरीचे तीन झाले, तर तिच्याकडून उतरवून घेणाऱ्या सगळ्यांच्या वह्यांत तीनच येतात. कुणाच्या वहीत कोणती चूक आहे ते पाहिलं, की कोणी कुणाची वही उतरवली ते सांगता येतं. तसंच घरातल्या प्रत्येकाच्या रक्तातली विषाणूची ओळख एकमेकींशेजारी ठेवली, की ताप कुणाकडून कुणाकडे गेला त्याची साखळी मांडता यायची. जे वारले होते त्यांच्या नाकातले नमुने दवाखान्यांनी गोठवून ठेवलेले होते.

संशोधन होतं ते तीन पिढ्या एकत्र राहणाऱ्या घरांवर. चारशे घरांचे निकाल आले होते आणि ते सरळ नव्हते. नातवंडं जिथे आजी-आजोबांच्या खोलीत झोपत, तिथे म्हाताऱ्यांना ताप लागण्याचं प्रमाण दुपटीहून जास्त होतं. मुलांना नुसती कणकण यायची आणि तीच कणकण म्हाताऱ्याच्या छातीत उतरायची. पण एकदा ताप आल्यावर एकटी राहणारी म्हातारी माणसं जास्त दगावली होती. भरल्या घरात ओठांचा रंग बदललेला कुणाच्या तरी लगेच लक्षात येत होता, कुणीतरी कुशीवर वळवत होतं, पाणी पाजत होतं.

शर्वरीने हे सगळं मन लावून अभ्यासलं. पण तिला चारशे घरांशी घेणं नव्हतं. तिला एकाच घराची साखळी हवी होती. ती मोठ्या अक्षरांत छापायची आणि हिंगमिऱ्यांच्या दुकानावर, मंडपाच्या जाहिरातीशेजारी चिकटवायची, हे तिने मनात किती वेळा केलं होतं त्याला गणती नव्हती.

निकाल सोमवारी सकाळी अकराला आला.

साखळीत सगळ्यात शेवटी तीच होती. तिला ताप निरंजनकडून आला होता. म्हणजे ताप तिने घरात आणला नव्हताच, उलट घराने तो तिला दिला होता. तिने ती ओळ तीनदा वाचली. मग साखळीच्या वरच्या टोकाकडे नजर नेली. तिथे धनाजी असणार याची तिला खात्री होती. धनाजी तिथे नव्हता. तो पाचवा होता.

पहिल्या जागी लिहिलं होतं: सदस्य क्रमांक नऊ, तेव्हाचं वय पाच.

यंत्राने पुढे आणखी एक नोंद जोडली होती. मुलीला झालेला विषाणू विट्याजवळच्या आळसंदच्या मळ्यात, टाळेबंदीच्या काळात, चोरून झालेल्या एका लग्नातल्या चौदा जणांच्या विषाणूशी तंतोतंत जुळत होता.

पाच वर्षांची पोर आळसंदला एकटी गेली नव्हती. आणि लग्न म्हटलं की मांडव आला.

*

तीन दिवस शर्वरीने तो निकाल कुणाला दाखवला नाही. चौथ्या दिवशी दुपारी ती विट्याला धनाजीच्या गोदामात गेली. बांबूंच्या राशी आणि घड्या घातलेल्या झालरींच्या मध्ये तो माप घेत बसला होता. तिला बघून त्याने गड्यांना चहाला पाठवलं.

“पोरीचं नाव आलं ना?” तिने काही बोलायच्या आधीच तो म्हणाला.

“तुम्हाला माहीत होतं?”

“लग्न उरकून आलो, त्याच्या तिसऱ्या दिवशी पोरीचं अंग कोमट लागलं. म्हटलं, ऊन बाधलं असंल. मग आप्पांना ताप आला तवा कळलं.” तो जमिनीकडे बघत होता. “रडत होती, गाडीत बसायचं म्हणून. घरात सांगितलं होतं, गोदामावर चाललोय.”

“मी दवाखान्यात होते, भाऊजी. एक शब्द कानावर घातला असतात तर आप्पांना त्याच दिवशी वेगळं ठेवलं असतं. निरंजन त्यांना भरवायला बसला नसता.”

धनाजीने मान वर केली. “आणि मग? कुणाचं तरी नाव निघणारच होतं. आज्याला आणि बापाला खाल्लेली पोरगी म्हणून गावानं तिला जन्मभर बोट दाखवलं असतं. मी पोरीला वाचवलं.”

“तिचं नाव नाही तर माझं.”

“व्हय.”

“तिसरं एक नाव होतं की,” शर्वरी म्हणाली.

धनाजीने मापाची टेप हातात घेतली. बाहेर गडी हसत होते.

“रविवारी सगळे एकत्र जेवायला बसता ना अजून? मी येते. सगळ्यांसमोर सांगा. लग्नाला मी गेलो, मांडव माझा होता, ताप मी आणला. ईशूचं नाव तोंडातून निघता कामा नये.”

“आणि न्हाई सांगितलं तर? तुझा कागद तुला दाखवता यायचा न्हाई. त्यात पोरीचं नाव हाय.”

“माझ्या घराचा नाही दाखवणार. पण त्या लग्नातले दोघं पुढे तापाने वारले, त्यांच्या घरच्यांना आजवर कळलेलं नाही, बंदीत मांडव घालायला कोण तयार झालं. मी त्यांना तोंडी सांगेन. त्याला कागद लागत नाही.”

बराच वेळ तो हातातली टेप गुंडाळत राहिला.

“आक्का मरंल हे ऐकून.”

“नवरा आणि मुलगा एका आठवड्यात गेले तेव्हा आक्का मेल्या नाहीत. आता नाही मरायच्या.”

*

रविवारी ती साडेबाराला पोचली. स्वयंपाकघरात पंगत बसली होती. तिला कुणी बस म्हणालं नाही, तीही उंबऱ्यावरच थांबली. धनाजीने भाकरी मोडली आणि तशीच ताटात ठेवली.

“आक्का, एक सांगायचंय.”

त्याने सांगितलं. आळसंद, मळा, मांडव. ताप मी आणला. आवाज खाली होता, पण शब्द स्पष्ट होते. निर्मलाच्या हातातली पळी अर्ध्यावर थांबली. दोन्ही मुलं बापाकडे बघत राहिली. ईश्वरी एकदम उठली आणि ताट तसंच टाकून जिन्याने वर निघून गेली.

आक्कांनी एकच प्रश्न विचारला.

“हिची पेटी तू उचलून रस्त्यावर ठेवलीस. तवा म्हाईत होतं तुला?”

“होतं.”

आक्कांनी ताटावर पाणी सोडलं. उठून हात धुतले. “निर्मला, तुज्या नवऱ्याचं ताट उचल. आजपासनं ह्या चुलीवरचं त्याला वाढायचं न्हाई. तुमी कुटं ऱ्हायचं ते तुमचं तुमी बघा.”

“आक्का—”

“माज्या समोरनं ऊठ.”

धनाजी उठला. पन्नाशीचा माणूस, पण भिंतीला हात लावत बाहेर गेला. आक्का शर्वरीकडे वळल्या. मग त्यांनी पायाने पाट तिच्याकडे सरकवला.

शर्वरी बसली. बरं वाटत होतं. लोक म्हणतात की सूड घेतल्यावर माणसाला रितं वाटतं. तिला तसलं काही वाटलं नाही, उलट भूक लागली. ती दोन भाकऱ्या जेवली. रश्शात मीठ कमी होतं, ते तिने मागून घेतलं.

*

ईश्वरी टाकीशेजारच्या खोलीत होती. आता तिथे झालरींची जुनी गाठोडी ठेवलेली होती. त्यांच्यावर ती गुडघे पोटाशी घेऊन बसली होती.

“ऐकलंस ना खाली?” शर्वरी म्हणाली. “मी काही केलं नव्हतं, ईशू.”

“मला माहीत आहे.”

“आत्ता कळलं ते.”

“नाही. आधीपासून.” ईश्वरीने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. धनाजीला ती नाना म्हणायची. “नाना खोटं बोलला. ताप आधी मला आला होता. तिथे एका बाईनं मला मांडीवर घेतलं होतं. ती सारखी खोकत होती. सातवीत साथीच्या रोगांचा धडा होता, तेव्हा मी दिवस मोजले. लग्न, मग मी, मग आप्पा. मग बाबा.”

शर्वरी गाठोड्यावर तिच्या शेजारी बसली. “म्हणून तू भेटायला यायची बंद झालीस?”

“येऊन काय बोलले असते?”

दोन वर्षं. दोन वर्षं ती समजत होती की पोरीच्या मनात आईविषयी विष आहे, आणि पोर एकटीने हे ओझं घेऊन शाळेत जात होती.

“तू पाच वर्षांची होतीस.”

“नानापण हेच म्हणाला. मी विचारलं होतं त्याला. तो म्हणाला, कुणाला बोलायचं नाही, मी आहे.” ईश्वरीने नाक पुसलं. “मी आजीला सांगणार आहे खरं.”

“नको.” शर्वरीने तिचं मनगट धरलं. “काही गरज नाही. झालंय ते बरोबर झालंय.”

“म्हणजे खरं लपवायचं?”

“तुझ्यासाठी.”

“मग तू आणि नाना सारखेच,” ईश्वरी म्हणाली, हात सोडवून घेतला आणि खाली गेली.

शर्वरी जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी राहिली. खालचं सगळं ऐकू येत होतं. आधी ईश्वरीचा तुटक आवाज. मग आक्का, रडवेल्या पण ठाम आवाजात: “एवढीशी व्हतीस गं तू. तुला न्हेलं कुणी? तापलेली पोर म्हाताऱ्याजवळ निजवली कुणी? त्येनंच ना? मग माझं बोलणं फिरत न्हाई.” आणि थोड्या वेळाने, “आन् तुज्या आईला घालवली ती मी. ते बी फिरत न्हाई आता.”

*

धनाजी बायकामुलांना घेऊन गोदामामागच्या दोन खोल्यांत राहायला गेला. त्या घरात आक्का आणि ईश्वरी राहिल्या. शर्वरीने लेकीला मिरजेला चल म्हटलं, तर ती म्हणाली, “आजीजवळ कोण?” चारशे घरांचा निकाल शर्वरीनेच लिहिला होता. तिने पुन्हा विचारलं नाही.

माघात ताप घाट चढून वर आला. आक्कांनी लस घेतली होती, तरी तो त्यांच्यापर्यंत पोचलाच. शर्वरी रजा टाकून विट्याला आली आणि सासूच्या उशाशी बसली. पाचव्या दिवशी सकाळी चहा पाजताना तिला ओठांची कड निळसर दिसली. तिने त्यांना पालथं निजवलं, छातीखाली उशा दिल्या, दवाखान्यातून प्राणवायूचं यंत्र मागवलं. दुपारपर्यंत रंग परतला. या घरात पूर्वीसारखी सहा माणसं असती तर तो आणखी आधी कुणाला तरी दिसला असता, हे तिला कळत होतं.

तिसऱ्या प्रहरी अंगणातल्या खिडकीशी धनाजी आला.

“कशी हाय?”

“बऱ्या आहेत.”

“आत येऊ दे. लांबनं बघतो.”

“बाहेरून येणाऱ्याला आत घेता येत नाही, भाऊजी. नियम आहे.”

“माझी आई हाय ती.”

“निरंजन माझा नवरा होता,” शर्वरी म्हणाली आणि आक्कांच्या पाठीवर हात फिरवत राहिली.

तो गेला नाही. उन्हात तसाच उभा राहिला. ईश्वरी मास्क लावून दारात उभी होती.

“नियम खरा आहे?” तिने विचारलं.

“खरा आहे.”

“नसता, तर घेतलं असतंस त्याला आत?”

शर्वरीने लेकीकडे पाहिलं. काहीतरी सोयीचं सांगणं अवघड नव्हतं.

“नाही,” ती म्हणाली.

ईश्वरीने मान हलवली, जणू तेवढंच तिला ऐकायचं होतं. मग ओसरीवरची खुर्ची तिने उचलली, मागच्या दाराने अंगणात नेली आणि खिडकीपासून दहा हातांवर, शेवग्याच्या सावलीत ठेवून परत आली. तिथून आक्कांचे पाय दिसत असावेत. धनाजी बसला.

शर्वरीने खिडकी लावून घेतली नाही.